सर दोराबजी टाटा

मुलांनो, पुण्याहून रेल्वेने तुम्ही मुंबईला गेला असाल, तर लोणावळा स्टेशन तुम्ही पाहिलेच असेल. लोणावळा म्हटले की बहुतेकांना चिक्की आठवते. पण या गावाच्या परिसरात लोणावळा, वलवण आणि शिरोता असे तीन तलाव आहेत. त्यांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली, रायगड जिल्ह्यातील खोपोलीला उतरते. 500 मीटरहून अधिक उंचीवरून आलेले ते पाणी यंत्राची चाके फिरवते आणि वीज तयार होते. हे काम ज्यांनी तडीस नेले, त्या दोराबजी टाटांची ही हकिकत आहे.

दोराबजींचा जन्म 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत झाला. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा हे त्यांचे वडील. दोराबजी काही काळ इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकले. परत आल्यावर 1882 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. श्रीमंताचा हा मुलगा लगेच वडिलांच्या गादीवर बसला नाही. आधी त्याने एका वर्तमानपत्रात नोकरी केली! खेळांची त्यांना फार आवड होती. 1920 च्या ऑलिंपिकसाठी भारताचे खेळाडू पाठवायला त्यांनीच पैशांची मदत केली.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि शहरभर धूर पसरे. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज करावी, ही जमशेटजींची इच्छा होती. पण 1904 साली ते वारले. वडिलांचे अपुरे काम दोराबजींनी अंगावर घेतले. 1910 साली कंपनी स्थापन झाली. भांडवल देशातूनच उभे राहिले. 1911 मध्ये धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले.

आता एक प्रश्न तुम्हाला पडेल. मावळात पाऊस चार महिने पडतो आणि गिरणी बारा महिने चालते, मग वीज कशी पुरणार? त्याचे उत्तर तलावांत होते. दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. वीज तारांवरून घाट, जंगल आणि खाडी ओलांडून मुंबईला पोहोचवायची होती. वाटेत तारेवर वीज कोसळली किंवा झाड पडले तर? अशा वेळी तारेतून एकदम प्रचंड प्रवाह वाहू लागतो. तो थांबवला नाही, तर तारा वितळतील आणि यंत्रे जळतील.

तुमच्या घरी फ्यूज असतो ना? जास्त प्रवाह आला की त्याची तार वितळते आणि घर वाचते. मोठ्या वाहिनीवर हेच काम दोन उपकरणे मिळून करतात. रिले हा पहारेकरी आहे. तो बिघाड ओळखून इशारा देतो. सर्किट ब्रेकर हा दरवाजा आहे. तो प्रवाह तोडतो. आजच्या मोठ्या वाहिन्यांवर हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. फक्त बिघडलेला भाग बाजूला होतो आणि बाकीच्या भागाला वीज मिळत राहते. एका तारेच्या दुखण्याने सारे शहर अंधारात जाऊ नये, यासाठी ही व्यवस्था असते.

पुढे आंद्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचे आणि मुळशीच्या पाण्यावर भिराचे केंद्र उभे राहिले. मुळशीची गोष्ट मात्र दुःखाची आहे. धरणात शेतकऱ्यांची जमीन आणि घरे बुडणार होती. 1921 साली त्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. मुंबईच्या दिव्यांची किंमत मावळच्या माणसांनीही मोजली, हे दोराबजींची स्तुती करताना विसरता येत नाही.

1924 साली टाटांचा जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात होता. तेव्हा कर्ज मिळवण्यासाठी दोराबजींनी आपली सारी मालमत्ता गहाण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचे दागिनेही त्यात होते. कारखाना वाचला. 1931 मध्ये मेहेरबाई वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. दोराबजींनी आपली संपत्ती लोकांच्या कामासाठी ट्रस्टला दिली. 3 जून 1932 रोजी जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला. मुंबईचे टाटा कॅन्सर रुग्णालय याच ट्रस्टने 1941 साली सुरू केले.

त्यांची वीजकेंद्रे मात्र अजून चालतात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास वीजवाहिन्यांत मोठा बिघाड होऊन मुंबई अंधारात गेली आणि लोकल गाड्या जागीच थांबल्या. औष्णिक केंद्र पुन्हा सुरू करायला बराच वेळ लागतो. पाण्याचे केंद्र काही मिनिटांत सुरू होते. त्या दिवशी शहराला पुन्हा वीज द्यायला खोपोली, भिवपुरी आणि भिरा यांचे पाणी उपयोगी पडले.