पाटीलबाबांचा बंदुकीचा कारखाना

श्रीगोंद्याला शिंद्यांचे वाडे आहेत हे आपल्या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. सून म्हणून मी या गावात आले तेव्हा मलाही सगळ्यात आधी तेच सांगितलं गेलं. पण शिंद्यांनी बंदुका आणि तोफांचे कारखाने काढले होते, हे मात्र मला बरंच उशिरा वाचायला मिळालं. तेव्हापासून महादजी शिंदे माझ्यासाठी नुसते पगडीतले सरदार राहिले नाहीत.

मैत्रिणींनो, महादजी हे राणोजी शिंद्यांचे धाकटे चिरंजीव. आई चिमाबाई. लग्नाच्या राणीचे नव्हेत म्हणून वारसाहक्काला पुढे फार अडचणी आल्या. थोरले जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दगाफटक्याने गेले, दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १७६१ च्या पानिपतात घरातली आणखी माणसं गेली. महादजींच्या पायावर घाव बसला. राणेखान नावाच्या पाणक्याने त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणलं, म्हणून ते वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला. महादजींनी त्या राणेखानाला पुढे भाऊ मानलं, मोठा सरदार केलं. उपकार विसरायचे नाहीत, हा त्यांचा स्वभावच.

सरदारकी मिळायलाही पुढची काही वर्षं भांडावं लागलं. मग १७७२ मध्ये बादशहा शहाआलमला दिल्लीच्या गादीवर बसवलं, १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमवलं. पण इंग्रजांशी झुंजताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. नुसत्या घोडदळाच्या जोरावर यापुढे भागणार नाही. कवायती पायदळ हवं, आणि त्याला एकसारख्या बंदुका हव्यात. दुसऱ्याकडून विकत घेतलेलं हत्यार ऐन वेळी मिळेलच याची खात्री काय?

१७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉयचा डिबॉइन हा गोरा सेनापती नोकरीत घेतला. त्याच्या हाताखाली पलटणी उभ्या राहिल्या. आग्र्याच्या कारखान्याची जबाबदारी सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडे होती. तिथे तोफा ओतल्या जात, बंदुका घडत. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक तिथे दहा रुपयांत पडे, असं त्या काळावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. सोरा, गंधक आणि कोळसा कुटून दारूही तयार होई. त्या पलटणींनी १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया जिंकल्या. उत्तर हिंदुस्थानात महादजींना तोडीस तोड कुणी उरलं नाही.

एवढं वैभव, तरी स्वतःला ते पाटीलच म्हणवत. लोकही पाटीलबाबा म्हणत. अभंगही रचत, बीडच्या मन्सूरशहांना गुरू मानत. १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला त्यांनी देह ठेवला. तिथली शिंद्यांची छत्री तुम्ही पाहिली असेलच.

आता खरी चुटपुट लावणारी गोष्ट. त्यांना मुलगा नव्हता. भावाचा नातू दौलतराव गादीवर आला, तोही चौदा-पंधरा वर्षांचा. महादजींच्या विधवांना पोटगी देण्याचं कबूल केलं होतं, ते पाळलं नाही. उलट १७९८ मध्ये त्यांचा छळ झाला, आणि त्या बायांनी चक्क बंड केलं! जुने सरदार त्यांच्या बाजूने उभे राहिले. इतिहासात याला बायांचं बंड म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याची एक ओळ तरी आली का, आठवून बघा. ज्या पैशातून कारखाने आणि पलटणी वाढायच्या, तो या घरच्या भांडणात जळला.

डिबॉइन १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी फ्रेंच पेराँ आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू होताच पेराँ शत्रूला जाऊन मिळाला, कितीतरी गोऱ्या अंमलदारांनीही साथ सोडली. त्याच वर्षी १२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला, ऑक्टोबरमध्ये आग्रा गेलं. महादजींच्या पश्चात नऊ वर्षांत कारखाना परक्याच्या हाती!

मला वाटतं, बंदूक घडवणारे हात आपले होते, पण किल्ली दुसऱ्याकडे होती. आपल्या लोहार-ओतारींमधून एखादा सँग्स्टर तयार करायचं राहून गेलं. आणि घरातल्या बायांचा हक्क कागदावर पक्का न करता शब्दावर ठेवला, त्याची किंमत सगळ्या घराण्याने मोजली. आज बचतगटातून शेवया-पापडाचा छोटा उद्योग काढणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही हेच सांगावंसं वाटतं. यंत्र जरूर आणा, शिकवणाराही बाहेरून बोलवा. पण हिशोबाची वही आणि मुख्य काम गटातल्या दोघींना तरी आलंच पाहिजे. आणि हो, जागा-जमिनीच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, तेवढं या आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन बघून या!