न शिकलेला शिक्षक : जो लॅपचिक

महाविद्यालयात शिकवायचे तर पदवी हवी, असे आपण धरूनच चालतो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे माझ्या मनात तर पदवीचा मोठाच दरारा आहे. म्हणूनच जो लॅपचिक या अमेरिकन बास्केटबॉलपटूच्या आयुष्याची हकीकत वाचताना मी थबकले. हा माणूस महाविद्यालयात शिकायला कधी गेलाच नाही. छत्तिसाव्या वर्षी गेला तो थेट शिकवायला!

जोसेफ लॅपचिक यांचा जन्म १२ एप्रिल १९०० रोजी न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे झाला. आईवडील बोहेमियातून पोटासाठी अमेरिकेत आलेले. प्राथमिक शाळा संपताच मुलाला काम शोधावे लागले. कारखान्यात यंत्रकामाची उमेदवारी करता करता तो संध्याकाळी चार पैशांसाठी बास्केटबॉलचे सामने खेळू लागला. उंची होती ६ फूट ५ इंच. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर पंच मैदानाच्या मध्यभागी दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर उडवीत. ज्याची उडी सरस, त्याच्या संघाला चेंडू मिळे. अशा खेळात उंच माणसाला मागणी असणे साहजिकच होते.

१९२३ मध्ये लॅपचिक ‘ओरिजिनल सेल्टिक्स’ या गाजलेल्या व्यावसायिक संघात दाखल झाले. या संघाने १९२७ आणि १९२८ असे सलग दोनदा लीगचे विजेतेपद मिळविले. पुढे हा संघ मोडला आणि त्याचे खेळाडू इतरत्र विखुरले. लॅपचिक क्लीव्हलँडकडून खेळले आणि तेथेही १९२९ व १९३० मध्ये विजयी ठरले. त्यानंतर सेल्टिक्सची पुन्हा जुळवाजुळव करून ते मोटारीतून गावोगाव सामने खेळत हिंडले. हार्लेममधील ‘रेन्स’ या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाशी त्यांच्या अनेक लढती झाल्या. वर्णद्वेषाच्या त्या काळात लॅपचिक भर मैदानात रेन्सच्या टारझन कूपरला मिठी मारीत.

१९३६ साली त्यांनी खेळ थांबविला आणि ब्रुकलिनमधील सेंट जॉन्स या संस्थेत बास्केटबॉलचे प्रशिक्षकपद स्वीकारले. ही संस्था १८७० मध्ये मुख्यतः परदेशांतून आलेल्या कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली. आधीचे प्रशिक्षक बक फ्रीमन यांनी संघाचा मोठा लौकिक करून ठेवला होता. लॅपचिकना मात्र प्रशिक्षणाचा अनुभव नव्हता आणि समोर बसलेली मुले त्यांच्यापेक्षा अधिक शिकलेली! आपल्या अपुऱ्या शिक्षणाची खंत त्यांना होतीच. पण जवळजवळ वीस वर्षांच्या खेळाने जे अंगात मुरले होते, ते कोणत्याही वर्गात मिळण्यासारखे नव्हते. ती शिदोरी त्यांनी या मुलांपुढे सोडली.

त्याची फळेही दिसली. १९४३ मध्ये त्यांच्या संघाने मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरील राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली. संघाचा उंचापुरा सेंटर हॅरी बॉयकॉफ स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. युद्धामुळे बॉयकॉफ सैन्यात गेला, तरीही १९४४ मध्ये संघाने जॉर्ज माइकनच्या डीपॉल संघाला हरवून विजेतेपद राखले.

१९४७ मध्ये ते न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक झाले. १९५०च्या सुमारास नॅट क्लिफ्टन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या संघात आला. त्याबद्दल घरी शिव्या देणारे फोन येत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. १९५१ ते १९५३ अशी सलग तीन वर्षे निक्सने अंतिम फेरी गाठली, पण अजिंक्यपद हुकले. लॅपचिकचा स्वभाव हळवा. पराभवाने त्यांची झोप उडे. १९५६ मध्ये ते पद सोडून पुन्हा सेंट जॉन्समध्ये आले.

मधल्या काळात, १९५१ साली, न्यूयॉर्कच्या अनेक महाविद्यालयीन खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवल्याचे उघडकीस आले होते. कित्येक तरुण आयुष्यातून उठले. त्या बातम्यांची कात्रणे लॅपचिकनी एका वहीत चिकटवून ठेवली होती. ती वही ते आपल्या खेळाडूंना वाचायला लावीत. नेम धरायला शिकविण्याइतकेच हेही त्यांना आपले काम वाटे.

१९५९ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा ती स्पर्धा जिंकली. १९६५ मध्ये वयाच्या नियमाने निवृत्त व्हायची वेळ आली, तेव्हा शेवटच्या सामन्यात विलानोव्हाला ५५-५१ असे हरवून मुलांनी चौथे विजेतेपद त्यांच्या हाती दिले. ऑगस्ट १९७० मध्ये त्यांचे निधन झाले. मुलगा रिचर्ड सेंट जॉन्सचाच पदवीधर. पुढे तो डॉक्टरेट मिळवून खेळातील वर्णभेदाविरुद्ध झगडला. बापाची अपुरी राहिलेली शाळा मुलाने पुरी केली, असेच म्हणायचे!

माझे वडील गवंडीकाम करतात. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. प्रवेशाच्या दिवशी ते फाटकाबाहेरच उभे राहिले होते आणि खरे सांगायचे तर मलाही ते बरेच वाटले होते. लॅपचिकची हकीकत वाचल्यावर त्याची लाज वाटली. भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे माझे वडील नुसत्या नजरेने सांगतात. ती विद्या मला कोणत्या वर्गात मिळणार? पदवीचे मोल मी कमी मानत नाही. लॅपचिकनीही मानले नाही. पण यंदाच्या स्नेहसंमेलनाला मी वडिलांना फाटकाच्या आत घेऊन येणार आहे.