जयपालसिंह मुंडा : दुरुस्त्या पडल्या, मुद्दा उभा राहिला

शेतकरी बंधूंनो, आपला आमदार किंवा खासदार कसा निघाला हे आपण कशावरून ठरवतो? रस्ता झाला का, बंधारा झाला का, घरच्या लग्नाला आला का, यावरून. सभागृहात त्याने कोणत्या कलमाला विरोध केला, कोणती दुरुस्ती मांडली, हे पारावर कुणी विचारत नाही. पण गावाच्या सातबाऱ्यावर, जंगलावर आणि ग्रामसभेवर परिणाम होतो तो शेवटी कायद्याचाच. म्हणून आज अशा एका लोकप्रतिनिधीची ओळख करून देतो, ज्यांचे सभागृहातले काम तपासून पाहण्यासारखे आहे. ते म्हणजे जयपालसिंह मुंडा. घटना समितीत ते आदिवासींच्या वतीने ठामपणे उभे राहिले. त्यांच्या बहुतेक दुरुस्त्या पडल्या. पण त्यांचे मुद्दे मात्र पुढे पन्नास-साठ वर्षांनी कायद्यात येत गेले.

गुराखी ते ऑक्सफर्ड

जयपालसिंहांचा जन्म ३ जानेवारी १९०३ चा. गाव टकरा, खुंटी भागातले, तेव्हाच्या रांची जिल्ह्यात. हा मुलूख आज झारखंडात येतो. घर मुंडा आदिवासींचे. लहानपणी त्यांनी गुरे राखली. त्यांच्या जन्माआधी तीनच वर्षे, १९०० मध्ये, याच मुलखातले बिरसा मुंडा रांचीच्या तुरुंगात वारले होते. बिरसांच्या उठावाच्या मुळाशी जमीनच होती. ज्यांनी जंगल तोडून शेते केली, त्यांच्याच हातातून जमीनदार आणि सावकारांनी ती काढून घेतली होती. उठाव मोडला गेला, पण १९०८ मध्ये इंग्रज सरकारला छोटा नागपूरचा कुळकायदा करावा लागला. आदिवासीची जमीन बाहेरच्याला देण्यावर बंधने आली. कायदा असला तर जमीन टिकते, हे जयपालसिंहांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

पोरगा हुशार, म्हणून रांचीच्या मिशन शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांना इंग्लंडला नेले. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात ते शिकले आणि हॉकीत नाव काढले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाचे ते कप्तान होते. मतभेद होऊन अंतिम सामन्याआधीच ते संघातून बाहेर पडले, पण हॉकीतले भारताचे पहिले सुवर्णपदक त्याच स्पर्धेतले. आय.सी.एस.साठी त्यांची निवड झाली होती, तीही नोकरी हॉकीपायी सुटली. पुढे तेल कंपनी, आफ्रिकेतले एक कॉलेज, रायपूरचे राजकुमार कॉलेज आणि बिकानेर संस्थान अशा नोकऱ्या झाल्या. आरामात आयुष्य गेले असते. पण जानेवारी १९३९ मध्ये रांचीला आदिवासी महासभेचे अध्यक्षपद त्यांनी घेतले आणि तिथून त्यांची वाट बदलली.

घटना समितीत

१९४६ मध्ये ते बिहारमधून घटना समितीवर निवडून गेले. सभागृहात आदिवासी सभासद मोजकेच होते. बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होत, त्यामुळे कोणी कुठे मत दिले याची यादी क्वचितच मिळते. माणूस ओळखायचा तो त्याच्या भाषणांवरून आणि मांडलेल्या दुरुस्त्यांवरून. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, नावाची. अनुसूचित जमाती या शब्दाऐवजी घटनेत आदिवासी हा शब्द असावा, असा त्यांचा आग्रह होता. जंगलात राहणारा असा अर्थ निघणारा हिंदीतला बनजाति हा शब्द तर त्यांना मुळीच मान्य नव्हता. हे लोक या देशाचे मूळ रहिवासी आहेत आणि नावातून ते दिसावे, एवढेच त्यांचे म्हणणे. आदिवासी शब्दाला कायद्यात नेमका अर्थ नाही, यादी मात्र नेमकी करता येते, अशी डॉ. आंबेडकरांची बाजू होती. मागणी मान्य झाली नाही.

दुसरी, भाषेची. आठव्या अनुसूचीत मुंडारी, गोंडी आणि उरांव या भाषा घ्या, अशी दुरुस्ती त्यांनी १९४९ मध्ये मांडली. गोंडी म्हणजे आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडचीही भाषा. तिघींपैकी एकीलाही तेव्हा जागा मिळाली नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी ही आदिवासी भाषा त्या यादीत गेली.

तिसरी, दारूबंदीची. नोव्हेंबर १९४८ मध्ये दारूबंदीचे कलम आले तेव्हा त्यांनी विरोध केला. तांदळाची हंडिया ही आदिवासींच्या पूजेत लागते आणि भातलावणीच्या चिखलात दिवसभर राबणाऱ्यालाही ती लागते, असा त्यांचा मुद्दा. कोल्हापूरचे खर्डेकर यांनीही त्या कलमाला विरोध केला होता. कलम मंजूर झाले. इथे तुमच्यापैकी अनेक भगिनी जयपालसिंहांशी सहमत होणार नाहीत, कारण दारूने घरे बसलेली आपण पाहतो, आणि गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या मागणीवरूनच. पण त्यांच्या विरोधामागचा प्रश्न वेगळा होता : गावाच्या चालीरीतींविषयी ठरवायचे कोणी, गावाने की राजधानीने?

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी, ती पाचव्या अनुसूचीची. अनुसूचित क्षेत्रात कोणता कायदा लागू करायचा, जमिनीचे हस्तांतरण आणि सावकारी कशी रोखायची, हे या अनुसूचीत आहे. राज्यात आदिवासी सल्लागार परिषद असावी, तिच्यात जास्तीत जास्त २० सभासद आणि त्यातले तीन चतुर्थांशाच्या जवळपास आदिवासी आमदार, अशी तिची रचना. १९४८ च्या मसुद्यात या परिषदेच्या सल्ल्याला बरेच वजन होते. सप्टेंबर १९४९ मध्ये जी अनुसूची सभागृहापुढे आली तिच्यात ते कमी झाले. राज्यपालांनी विचारले तरच परिषदेने सांगायचे, असे झाले. जयपालसिंहांनी परिषदेला ताकद देण्यासाठी दुरुस्त्या मांडल्या. बहुतेक मान्य झाल्या नाहीत. विचारले आणि ऐकले नाही, तर त्या विचारण्याला अर्थ काय, ही त्यांची खंत होती.

झारखंड पक्ष आणि चूक

पुढे त्यांनी झारखंड पक्ष काढला. १९५२ च्या निवडणुकीत बिहार विधानसभेत पक्षाचे ३२ आमदार आले आणि तो मुख्य विरोधी पक्ष झाला. जयपालसिंह स्वतः लोकसभेत गेले आणि अखेरपर्यंत खासदार राहिले. स्वतंत्र झारखंडाची मागणी राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये फेटाळली. १९६२ मध्ये पक्षाचे आमदार २० वर आले. १९६३ मध्ये त्यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. राज्य तर मिळाले नाहीच, वर कार्यकर्ते दुखावले गेले. सत्तेसाठी लोकांना वाऱ्यावर सोडले, असा आरोप झाला आणि तो आजही होतो. त्यांच्या हिशेबात ही बाब नावेच्या बाजूलाच लिहावी लागेल. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. झारखंड राज्य झाले ते १५ नोव्हेंबर २००० ला, म्हणजे तीस वर्षांनी.

आपल्या ग्रामसभेशी संबंध काय?

आता तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी पुढचे जरा लक्ष देऊन वाचावे. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत पाचव्या अनुसूचीखालची गावे आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि आपल्या राज्याचे नियम २०१४ चे आहेत. दारूची बंदी करायची की नियमन, हे ठरवण्याचा अधिकार पेसाने गावपातळीवर आणला. म्हणजे जयपालसिंहांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : गावाने ठरवायचे. गौण वनोपजाची मालकी, सावकारीवर ताबा, बेकायदा गेलेली आदिवासींची जमीन परत मिळवणे, हेही त्यात आहे. जमीन संपादनाबाबत मात्र पेसानेही ग्रामसभेशी फक्त सल्लामसलत सांगितली. १९४९ मध्ये ज्या शब्दावर जयपालसिंह अडले होते, तोच हा शब्द. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात आधी संमती घ्यावी, असे म्हटले. सल्ल्यापासून संमतीपर्यंत यायला ६४ वर्षे लागली.

पण बंधूंनो, संमती कागदावर असते आणि कागद ग्रामसभेत तयार होतो. ठराव आधीच टाइप करून आणला, रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतले, तर संमतीचा पुन्हा सल्ला व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा पेसा गावातल्या लोकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. ग्रामसभेची नोटीस सर्वांपर्यंत पोचली का ते पाहावे. ठराव मोठ्याने वाचून घ्यावा, गोंडी, भिली, कोरकू जी घरची भाषा असेल तिच्यात समजून घ्यावा आणि मगच सही करावी. आणि ठरावाची नक्कल मागून गावात ठेवावी. ज्याला ठराव मान्य नाही त्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावावा, एकटा असला तरी. जयपालसिंहांचा विरोध असाच नोंदला गेला होता, म्हणून आज तो वाचायला मिळतो.

पुढच्या निवडणुकीत मत मागायला कोणी दारात आले, तर बंधाऱ्याबरोबर एवढेही विचारा : जमिनीच्या आणि जंगलाच्या कायद्यावर सभागृहात तुम्ही काय बोललात आणि मत कुठे दिले?