साने गुरुजी : छात्रालयातील शिक्षक

पांडुरंग सदाशिव साने यांनी शाळेत जेमतेम सहा वर्षे शिकविले; तरी गुरुजी ही ओळख त्यांना जन्मभर पुरली. या अल्प काळात त्यांनी शिक्षकाच्या कामाची जी कल्पना आचरून दाखविली, तिचे स्मरण ग्रंथालयाच्या या शताब्दी ग्रंथात उचित ठरावे.

कोकणातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. घर खोताचे, पण वैभव ओसरलेले. दापोली, औंध, पुणे असे फिरत त्यांनी मोठ्या हालअपेष्टांत शिक्षण घेतले. पुढे ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे आला. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाचे मन त्यांना निराळे समजावून घ्यावे लागले नाही.

मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते रागावत नसत. स्वतःच केर काढीत, अंथरुणांच्या घड्या घालीत. आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुले ओशाळत आणि स्वतःहून नीटनेटकी राहू लागत. धाकाने आलेली शिस्त धाकाबरोबर जाते, प्रेमाने आलेली अंगी मुरते, ही श्रद्धा या वागण्यामागे होती. मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले, १९२८ साली 'विद्यार्थी' मासिक काढले.

हा मार्ग सोपा नव्हे. यात शिक्षकाला आधी स्वतःची परीक्षा द्यावी लागते. देशप्रेम शिकवून स्वस्थ बसणे अशक्य झाले, तेव्हा १९३० साली त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचने टिपताना हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरास उपोषण केले आणि मंदिर खुले झाले.

परदुःखाने व्याकूळ होणाऱ्या या मनाला स्वतःचे दुःख मात्र पेलले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. हा शेवट चटका लावतो. पण त्याने छात्रालयातील ती सेवा उणी होत नाही. शिक्षक वर्गात बोलतो ते मुले कदाचित विसरतील. तो त्यांच्यासाठी काय करतो, हे ती विसरत नाहीत.