सव्वादोन मिनिटांचा धातू आणि एन्रिको फर्मी

मुलांनो, तुमच्या डब्यातली पोळी ज्या चकचकीत कागदात गुंडाळलेली असते, तो ॲल्युमिनियमचा. त्याच्या अणुकेंद्रात १३ प्रोटॉन आणि १४ न्यूट्रॉन असतात आणि ते कायम तसेच राहते. त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरला की होते ॲल्युमिनियम-२८. हे मात्र टिकत नाही. सव्वादोन मिनिटांत त्याचे निम्मे अणू बीटा किरण फेकून सिलिकॉन होतात, पुढच्या सव्वादोन मिनिटांत उरलेल्यांपैकी निम्मे. या काळाला अर्धायुष्य म्हणतात. बावीस-तेवीस मिनिटांनी हजारातला जेमतेम एक अणू उरतो. असल्या पाहुण्यामागे अक्षरशः धावलेल्या माणसाची ही ओळख.

एन्रिको फर्मी २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये जन्मला. वडील रेल्वेत नोकरीला. जिवाभावाचा थोरला भाऊ जुलिओ १९१५ साली घशाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत दगावला. एकटा पडलेला एन्रिको भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत बुडाला. पंचविशीत तो रोममध्ये प्राध्यापक झाला.

१९३४ साली फर्मींनी रेडॉन वायू आणि बेरिलियमची पूड काचेच्या नळीत बंद करून न्यूट्रॉन मिळवले आणि हायड्रोजनपासून एकेक मूलद्रव्य त्यांच्यासमोर धरले. सुरुवातीला सगळी गप्प! फ्लोरीन आणि ॲल्युमिनियमपाशी मोजणीयंत्र टकटकू लागले. नळीच्या किरणांनी मोजणी बिघडू नये म्हणून यंत्र लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेले. चालत जायला मिनिट लागले तर पाव भाग वाटेतच संपणार. म्हणून फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी आमाल्दी नमुना घेऊन पळत सुटत.

ॲल्युमिनियमने त्यांना छळलेही. वेगवान न्यूट्रॉन त्यातून प्रोटॉन उडवतो, तेव्हा सुमारे साडेनऊ मिनिटांच्या अर्धायुष्याचे मॅग्नेशियम-२७ बनते. सव्वादोन मिनिटांचे ॲल्युमिनियम मात्र कधी दिसे, कधी नाही. चांदीचा नमुना तर लाकडी टेबलावर एक उत्तर देई, संगमरवरी टेबलावर दुसरे. आम्हा संगणकवाल्यांना हा त्रास चांगला ओळखीचा आहे. तोच प्रोग्रॅम, तीच माहिती. यंत्र बदलले की उत्तर वेगळे. २२ ऑक्टोबर १९३४ रोजी फर्मींनी मध्ये पॅराफिन मेण ठेवले आणि कोडे सुटले. मेणातल्या (आणि लाकडातल्या) हायड्रोजनला धडकून न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रात सहज अडकतो.

१९३८ साली इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे आले. फर्मींची पत्नी लॉरा ज्यू होती. डिसेंबरात नोबेल पारितोषिक घ्यायला कुटुंब स्टॉकहोमला गेले ते परतलेच नाही. २ जानेवारी १९३९ रोजी ती दोघे नेल्ला आणि छोट्या जुलिओसह न्यूयॉर्कला उतरली. मुलाला काकाचेच नाव दिले होते. पुढे युद्धात आपण शत्रुदेशाचे ठरू या भीतीने त्यांनी काही पैसे तळघरात पुरून ठेवले होते. परदेशात बिऱ्हाड थाटलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसू येते आणि पोटात गोळाही येतो.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मींनी ग्रॅफाइटने मंदावलेल्या न्यूट्रॉनांवर जगातली पहिली अणुभट्टी चालवली. अणुबॉम्बच्या कामातही त्यांचा वाटा होता. थोरवी सांगताना ते झाकू नये, असे आम्हाला वाटते.

२८ नोव्हेंबर १९५४ रोजी पोटाच्या कर्करोगाने ते गेले. वय ५३. शेवटच्या आजारपणात नळीतून अन्नद्रव्य दिले जात असताना ते स्टॉपवॉच हाती धरून त्याचे थेंब मोजत पडलेले असत.