सदाकोच्या उपचाराचा खर्च कोणाच्या माथी?

सदाको सासाकी म्हटले की कागदी क्रौंच पक्षी आठवतात. हजार पक्षी पुरे होण्याआधीच ती गेली, असे आपल्याकडेही मुलांना सांगितले जाते. एका बालकादंबरीने ही समजूत जगभर नेली. वास्तविक हजाराचा आकडा तिने ओलांडला होता. पक्षी पुरे झाले, तरी ती वाचली नाही. गोड गोष्टीत ही कडू बाब बसत नाही, म्हणून ती वगळली गेली असावी.

सदाकोचा जन्म ७ जानेवारी १९४३ चा, हिरोशिमाचा. वडिलांचा व्यवसाय केशकर्तनाचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा ती अडीच वर्षांची होती आणि घर स्फोटस्थळापासून दोन किलोमीटरच्या आत होते. आई तिला घेऊन पळाली. वाटेत काळा पाऊस अंगावर पडला. पोरीला साधे खरचटलेही नव्हते. पुढे ती वर्गाच्या रिले संघात धावू लागली. १९५४ च्या अखेरीस मानेवर गाठी आल्या आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये तिला रेडक्रॉस रुग्णालयात दाखल करावे लागले. रक्ताचा कर्करोग. डॉक्टरांनी फार तर वर्षाची मुदत दिली.

तिला आजाराचे नाव सांगितले नव्हते. पण आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे आकडे ती गुपचूप कागदावर टिपून ठेवीत असे. तो कागद तिच्या मृत्यूनंतर सापडला. मला हजार पक्ष्यांपेक्षा हा एक कागद मोठा वाटतो. वकिलाच्या भाषेत तो पुरावा आहे.

पण दावा कोणावर लावायचा? १९५१ च्या शांतता करारात जपान सरकारने अमेरिकेवरील नुकसानभरपाईचे सारे हक्क सोडून दिले होते. अमेरिकेने नेमलेला आयोग बाधितांची तपासणी करी, उपचार मात्र करीत नसे. बाधितांना मोफत उपचार देणारा कायदा आला १९५७ मध्ये. सदाको २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी गेली होती. म्हणजे भार पडला तो एका नाभिक कुटुंबावर! त्याच वर्षी काही बाधितांनी टोकियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. १९६३ मध्ये निकाल लागला: बॉम्बहल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध होता, मात्र बाधित व्यक्तीला भरपाई मागण्याचा हक्क नाही. गुन्हा मान्य, दाद नाही.

जे जगले त्यांच्याकडे समाजाने पाठ फिरवली. हा रोग स्पर्शाने होत नाही, तरी बाधितांना नोकरी नाकारली गेली, मुलींची लग्ने मोडली. अनेकांनी आपले गाव आणि आपली ओळख लपवली. विटाळाची कल्पना माणसाला कसे जगायला लावते, हे आपल्या वाचकांना कोणी समजावून सांगायला नको.

आणि या बहिष्कृतांमध्येही उतरंड होतीच. जपानच्या वसाहतीतून आलेले हजारो कोरियन कामगार त्याच बॉम्बखाली सापडले होते. परदेशी असूनही त्यांना उपचाराचा हक्क आहे, हे वदवून घेण्यासाठी एका कोरियन बाधिताला जपानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल आला १९७८ मध्ये.

सदाकोच्या वर्गमित्रांनी निधी जमवला आणि ५ मे १९५८ रोजी शांतता उद्यानात मुलांचे स्मारक उभे राहिले. कोरियन मृतांचे स्मारक १९७० मध्ये झाले, तेही उद्यानाच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे. त्याला आत जागा मिळाली १९९९ मध्ये.