भोवऱ्यावर तोललेली गाडी

आगगाडी म्हटली की दोन रूळ आलेच, असे आपण धरून चालतो. लुई ब्रेननने ते धरले नाही. म्हणूनच हा विक्षिप्त वाटणारा संशोधक मला जवळचा वाटतो.

१८५२ साली आयर्लंडमधील कॅसलबार येथे त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो आईवडिलांबरोबर मेलबर्नला गेला. तिथे घड्याळांच्या कामात त्याचा हात बसला आणि किनाऱ्यावरून तारांच्या साहाय्याने वळवता येणारा टॉर्पेडो त्याला सुचला. १८८० च्या दशकात ब्रिटिश सरकारने त्याचे हक्क एक लाख पौंडांहून अधिक रकमेला विकत घेतले.

ही संपत्ती उपभोगत तो स्वस्थ बसला असता तर नवल नव्हते. पण त्याला ध्यास लागला एका रुळावरच्या गाडीचा. फिरता भोवरा पडत नाही, हे आपल्याकडचे पोरही जाणते. ब्रेननने डब्यातच दोन जड चाके विरुद्ध दिशांना गरगर फिरवली आणि त्यांच्या जोरावर डबा तोलला. १९०३ मध्ये त्याने पेटंट घेतले. पेट्रोल इंजिनावर चालणारी ही बावीस टनी गाडी वळणावर सायकलस्वारासारखी आपणहून आत झुके! १० नोव्हेंबर १९०९ रोजी केंटमधील गिलिंगहॅमला ती ३२ माणसे घेऊन धावली. १९१० च्या लंडनमधील जपान-ब्रिटिश प्रदर्शनात चर्चिलही तीत बसले.

या प्रयोगाला पैसा कुणी दिला? वायव्य सरहद्दीवर उपयोग होईल म्हणून इंडिया ऑफिसने ५,००० पौंड आणि काश्मीर दरबाराने २,००० पौंड. म्हणजे आपल्याकडचा पैसाही त्यात होता. पण सरहद्दीवर तो एकेरी रूळ कधी पडलाच नाही. प्रत्येक डब्याला स्वतंत्र चाके हवीत, हा खर्च मोठा. शिवाय चाके थांबली तर काय, ही धास्ती होतीच. प्रदर्शनातल्या फेऱ्या सोडल्या तर ही गाडी प्रवाशांच्या सेवेत आली नाही.

पुढे फार्नबरोला त्याने हेलिकॉप्टरवर खटपट केली. १९२६ मध्ये सरकारने तेही गुंडाळले. जानेवारी १९३२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मोटारीच्या धडकेतून झालेल्या दुखापतींनी त्याचा अंत झाला. लंडनमधील त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१४ साल उजाडले.

दोन रुळांवरच्या, वळणावर झुकणाऱ्या गाड्या आज इटलीत आणि इंग्लंडात रोज धावतात. पण मला सलते ते वेगळेच. जहाजे बुडवणाऱ्या यंत्राला लाखभर पौंड सहज मिळाले. माणसे वाहून नेणाऱ्या यंत्राच्या वाट्याला मात्र काही हजारच आले. तोल गाडीचा नव्हे, आपला गेला होता.